नाल्यापाशी थांबलेला नकाशा

“टॉयलेट कुठाय?”

सरांनी माझ्या शीटवर बोट ठेवून विचारलं. बोट जाड होतं. त्याच्याखाली माझं अर्धं घर झाकलं गेलं.

पहिलं वर्ष, पहिलाच महिना. पुण्यातलं आर्किटेक्चर कॉलेज. स्वतःच्या घराचा प्लॅन आठवणीनं काढून आणायचा होता. प्लॅन म्हणजे छप्पर उचलून बाजूला ठेवलं तर वरून घर जसं दिसेल तसं. स्केल सगळ्यांना एकच, एकास पन्नास. चाळीस शीट्स बोर्डावर पिनांनी टाचलेल्या होत्या. कुणाचा तीन बेडरूमचा फ्लॅट, कुणाचा बंगला. एकाच्या घरात गाडीसाठी खोली होती, कुत्र्यासाठीही जागा दाखवली होती. सगळ्यांची घरं कागदभर पसरलेली. माझं घर दहा बाय पंधरा फूट. त्या स्केलला ते पत्त्याच्या पानाएवढं आलं. मोठ्या पांढऱ्या कागदाच्या मधोमध एक पत्त्याचं पान.

मी ते मन लावून काढलं होतं. भिंतीची जाडी बरोबर. उंबरा, धान्याची कोठी, भांड्यांची मांडणी. बाहेरची चूल, रांजण, ओटा. काही विसरले नव्हते.

“नाहीये सर.”

“नाहीये म्हणजे? काढायचं राहिलं?”

“घरात नाहीये.”

सर मागे वळले. वर्गाकडे बघून हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मग जाता कुठे?”

वर्ग हसला. सगळा नाही. पण जे हसले नाहीत त्यांनी मान खाली घातली, आणि मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

आमच्या गावाच्या वेशीवर हागणदारीमुक्त गावाचा बोर्ड आहे. आमच्या वस्तीत संडासाचे खड्डेही खोदून झाले होते. त्यांवर भांडी कधी बसली नाहीत. हे सगळं सांगता आलं असतं.

“हा प्लॅन नाही,” सर म्हणाले. “गवंडी विटेच्या तुकड्यानं जमिनीवर रेघा मारतो ना, ते आहे हे. पुन्हा काढ. नीट घर काढ.”

त्यांनी चारही पिना काढल्या. शीट गुंडाळली जाऊन खाली पडली. मी वाकून उचलली.

माझे बाबा गवंडी आहेत.

सरांना ते माहीत नव्हतं. त्यांनी शिवी म्हणून जो शब्द वापरला, तो माझ्या बापाचा धंदा होता. नांदुरा, मलकापूर, वडनेर भोलजी, त्या बाजूच्या कितीतरी गावांत बाबांनी बांधलेली घरं उभी आहेत. ते खरंच विटेच्या तुकड्यानं जमिनीवर रेघा मारतात. काटकोन काढायचा तर दोरी धरतात. एका बाजूनं तीन हात, दुसऱ्या बाजूनं चार, आणि तिरपं बरोबर पाच भरलं की कोन पक्का. आठ वर्षांची असताना त्या दोरीचं दुसरं टोक मी धरलेलं आहे. ज्या गोष्टीवरून शाळेत मला चित्रकलेत ए ग्रेड मिळाली, ज्या गोष्टीवरून मी प्रवेश परीक्षा काढली, ती मी त्या दोरीवरच शिकले होते.

पण त्या दिवशी मला राग आला नाही. लाज वाटली. बाबांची लाज वाटली. हे लिहायला मला चार वर्षं लागली आहेत.

मी नीट घर काढलं.

वर्गात सानिका नावाची मुलगी होती. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. मनानं वाईट नव्हती. एका रविवारी तिनं मला घरी जेवायला नेलं होतं. मी तिचं घर आठवून काढलं. हॉल, किचन, दोन बेडरूम, बाल्कनी. दोन टॉयलेट. खाली कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलं, ‘माझे घर’. शेजारी माझं नाव.

सर म्हणाले, “गुड. आता घर वाटतंय.”

दिवाळीत गावी गेले तेव्हा बाबांनी हौसेनं विचारलं, “काय शिकून राह्यली, दाखव तं खरं.” नळकांड्यातून मी शीट्स काढल्या. जुनी, पत्त्याच्या पानाची, मी हॉस्टेलच्या कचऱ्यात टाकली होती. बाबांनी दुसरी शीट ओट्यावर पसरली. हात धुऊन आले. बोट कागदाला टेकवलं नाही, रेघेच्या वरून वरून फिरवत नेलं. पंधरा मिनिटं वाचत होते. माझी शीट इतका वेळ कुणी पाहिली नव्हती.

“हे दार खाटेवर उघडून राह्यलं,” बाबा म्हणाले. “बिजागरी इकडून लाव.”

बरोबर होतं. सरांना ते दिसलं नव्हतं.

“कोनाचं घर हाये हे?”

“कोनाचंच नाई बाबा. सरावासाठी काढलं.”

“रेघ चांगली आली वं तुयी.”

आतून मायनं विचारलं, “आपलं घर नाई काढलं का कधी?”

“काढीन,” मी म्हटलं.

खाली ‘माझे घर’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. दोघांनाही वाचता आलं नाही. त्या दोन शब्दांवर मी सुटले.

पुढची दोन वर्षं मी फक्त हात तयार केला. कमी बोलले. बोलले की ‘मले’ निघायचं आणि कुणीतरी हळूच तोच शब्द पुन्हा म्हणायचं. रेघ मात्र पुणेरी की वऱ्हाडी हे कुणाला ओळखता येत नाही. म्हणून रेघेवर जीव लावला. कापलेली भिंत जाड रेघेत. नुसतं दिसतं ते बारीक रेघेत. डोक्यावरचं, न दिसणारं, तुटक रेघेत. कडक पेन्सिल आधी, मऊ नंतर. झाडं शिकले. वरून दिसणारं झाड, समोरून दिसणारं झाड, जलरंगातलं झाड. माझी झाडं वर्गात सगळ्यांत चांगली यायची. चित्रात माणसं टाकायलाही शिकले. इमारत किती उंच आहे हे कळावं म्हणून ती टाकतात. बारीक पायांची, खांद्यावर पर्स, हातात लॅपटॉपची बॅग. एकदा मी एका चित्रात डोक्यावर भारा घेतलेली बाई टाकली. मॅडम म्हणाल्या, “ही नको. नजर तिच्याकडे जाते.”

मी खोडरबर घेतलं आणि ती पुसली. काही विचारलं नाही. मला तेव्हा सगळं पुसता येत होतं.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत आमचा अभ्यासदौरा निघाला. एक अख्खं गाव मोजायचं, त्याचा नकाशा करायचा, घरांची चित्रं काढायची. पहिल्या वर्षाच्या त्याच सरांनी गाव निवडलं ते आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातलं. जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना अजून तिथंच राहायचं आहे.

“तू तिकडचीच ना?” सर म्हणाले. “चला, दुभाषी फुकट मिळाली.”

त्या गावात एक मोठे शेतकरी आहेत. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. पंचायत त्यांच्या शब्दाबाहेर नाही. राहायची सोय त्यांनी शाळेत केली, मोजायची परवानगी त्यांनी दिली. आदर्श गाव करायचं त्यांच्या मनात होतं. आम्ही काढलेला नकाशा विकास आराखड्याला जोडून पुढे पाठवायचा, असं सरांचं आणि त्यांचं ठरलं होतं. आमच्या गटात पाच जण. मी, सानिका आणि तिघं मुलं. मुख्य नकाशा आमच्याकडे.

पहिल्या दिवशी भाऊसाहेबांच्या घरी चहा झाला. सर आणि आम्ही पाच जण. सहा कपबश्या आल्या. निघताना भाऊसाहेब मला म्हणाले, “बोलण्यावरून इकडलीच दिसते तू. कोनत्या गावची?”

मी गाव सांगितलं.

“आडनाव काय?”

मी आडनाव सांगितलं. आमच्याकडे आडनाव सांगितल्यावर पुढचं काही सांगावं लागत नाही.

“बरं बरं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये पाच कपबश्या होत्या आणि एक कागदी कप. ट्रे आणणाऱ्या बाईनं पाच जणांसमोर ट्रे धरला. माझ्यासमोर कागदी कप खाली ठेवला.

“अगं, एखादा कप फुटला असेल,” सानिका कुजबुजली.

मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. तिसऱ्या दिवशीही तोच कागदी कप. सरांनी कपाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग आपली बशी उचलून त्यांनी घोट घेतला. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, “सीन करू नकोस. परवानगी त्यांनी दिलीय. आपण पाहुणे आहोत.”

मी सीन केला नाही. मी तो चहा प्यायले. दोन्ही दिवस. गोड होता.

गावाच्या पूर्वेला एक नाला आहे. नाल्याच्या अलीकडे गाव. पलीकडे वस्ती. पत्र्याचं छोटं विहार, त्यावर निळा झेंडा. मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या गावात नाला नाही, रस्ता आहे. पण पलीकडे म्हणजे कोण, हे मला जन्मापासून माहीत आहे.

कच्च्या नकाशावर सरांनी लाल पेनानं हद्द आखली. पेन नाल्याच्या काठाकाठानं गेलं आणि बंद झालं.

“सर, नाल्याच्या पलीकडचं?” मी विचारलं. दोन वर्षांत वर्गासमोर विचारलेला हा माझा पहिला प्रश्न असेल.

“तिथे डॉक्युमेंट करण्यासारखं काय आहे? पत्रे आणि सिमेंटच्या विटा. कॅरेक्टर नाही त्याला.”

“पण सर, शीटची ती बाजू रिकामी दिसते,” सानिका म्हणाली. तिला खरंच शीटचीच काळजी होती.

“मग झाडं टाका. जलरंगात छान दिसतील.” आणि माझ्याकडे वळून, “तू काढ. तुझी झाडं चांगली असतात.”

हे कौतुक होतं. त्या ‘गुड’नंतरचं पहिलं.

मी झाडं काढली. हे मला कुणी जबरदस्तीनं करायला लावलं नाही. शाळेच्या व्हरांड्यात बसून, उन्हात, नीट कंपासनं गोल मारून मुख्य नकाशावर अकरा झाडं काढली. पाच रंगवली. हिरव्यात थोडा तपकिरी मिसळला, म्हणजे जिवंत वाटतात. मुलं म्हणाली, “मस्त.” मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याची रुंदी पुन्हा मोजायची होती. एक माप चुकलं होतं. मी एकटीच टेप घेऊन गेले. पाणी नव्हतंच, दगड होते. टेपचं टोक धरायला कुणी नव्हतं म्हणून मी ते दगडाखाली अडकवत होते. पलीकडच्या काठावरून एक बाई बघत होती. पन्नाशीची. डोक्यावर पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा भारा. नंतर कळलं, सुमनबाई.

भारा खाली टाकून ती उतरून आली आणि न विचारता टेपचं टोक धरलं.

“कोठची वं बाई तू?”

“वडनेराकडची.”

“मंग आपल्याइकडचीच हाये. काय मोजून राह्यले तुम्ही चार दिसापासून?”

“गावाचा नकाशा काढून राह्यलो, मावशी.”

“आमचं निघन का त्याच्यात?”

मी टेपवरचा आकडा बघत राहिले. आकडा मघाशीच लिहून झाला होता.

“काऊन बोलत नाई?” ती म्हणाली. मग स्वतःच सांगायला लागली. “पंचायतीत म्हणून राह्यले का अठी बगीचा होनार हाये. सातपुडा पाह्याले पाव्हणे येतीन म्हणे, त त्याइले बसाले जागा. आमी गेलतो इचाराले. म्हटलं, बगीचा करसान त आमी कुठी जाव? त सायेब म्हणते, नकाशा येऊ द्या, नकाशात जे असन ते होईन.” तिनं माझ्याकडे बघितलं. “तुमचाच ना तो नकाशा?”

“हाव,” मी म्हटलं.

“मंग नीट काढजो माय. आमच्यापाशी जागेचा कागद नाई. लाइटचं बिल हाये फक्त.”

ती भारा उचलून चढून गेली. मीही तिच्या मागे चढले. का ते तेव्हा कळलं नाही. वर गेल्यावर फोनमधला मुख्य नकाशाचा फोटो उघडला आणि समोर धरून पाहायला लागले. पहिलं झाड विहारावर होतं. दुसरं हातपंपावर. तिसरं, रंगवलेलं, सुमनबाईच्या ओट्यावर. सगळ्यांत मोठं, ज्याची मुलांनी तारीफ केली होती, ते तीन घरांवर मिळून एक होतं.

मी तिच्याच ओट्यावर बसले.

सरांवर राग यायला हवा होता. आधी आला तो स्वतःवर. सरांनी नाल्यापलीकडची घरं पुसली. माझं घर मात्र मीच पुसलं होतं. ‘नीट घर काढ’ म्हटल्यावर मी दुसऱ्याचं काढलं आणि त्याखाली ‘माझे’ लिहिलं. भारेवाली बाई पुसली. कागदी कपातला चहा गिळला. कुणी म्हणायचा अवकाश, मी खोडरबर घेऊन तयार. ती समोरची बाई मला नीट काढ म्हणत होती, आणि तिच्या घरावर माझ्या हातचं झाड उभं होतं. हा हात मला बाबांच्या दोरीवरून मिळाला होता. आणि मी तो कुणाच्या कामाला लावला होता?

“मावशी,” मी म्हटलं, “टेप धरता का?”

“कायले?”

“तुमचं घर मोजते.”

त्या दिवशी मी परत गेले नाही. सानिकाचे फोन येत राहिले. “सर विचारतायत. कुठेस?” एकदा उचलला आणि सांगितलं, “नाल्याच्या पलीकडे.” ती म्हणाली, “तिथे काय आहे?” मी म्हटलं, “घरं आहेत.” तिला वाटलं मी चिडले आहे. ती म्हणाली, “अगं, झाडं काढली तर काय बिघडतं? नुसतं ड्रॉइंग तर आहे.”

सुमनबाई, तिची सून, शेजारच्या दोघी. एक टोक त्या धरायच्या, दुसरं मी. पहिल्या दोन घरांना शून्य कुठं लावायचं ते सांगावं लागलं. तिसऱ्या घरापासून त्याच मला दटावायला लागल्या. “टेप ढिल्ला हाये वं, ताण.” “मायी मोरी राह्यली.” “हे गोठ्याचं धरलं का?” कुणी म्हणालं, “आमचं काढू नको, पडकं हाये.” सून म्हणाली, “पडकं त पडकं. हाये ना?” मी पडकी भिंत पडकी काढली.

पुस्तकात सगळ्या गोष्टींच्या खुणा ठरलेल्या असतात. दाराची, खिडकीची, जिन्याची. साडीचा पडदा लावून केलेल्या मोरीची खूण कुठल्याच पुस्तकात नव्हती. मी तिथं तुटक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘मोरी, साडीचा आडोसा’. बायका जिथं दुपारी उन्हाला बसतात ती जागाही मोजली. हातपंप. शेळीचा खुंटा. विहाराची पायरी. दीड दिवस लागला. अडतीस घरं.

विहाराच्या फरशीवर बसून दुपारभर मी शीट काढली. गटाच्या नकाशाचंच स्केल. डावी कड बरोबर नाल्याच्या काठावर आणली, म्हणजे दोन्ही कागद शेजारी लावले की नाला जुळेल. रंग दिला नाही. नुसती काळी रेघ.

शेवटच्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत प्रदर्शन होतं. भिंतीवर सगळ्या शीट्स. मधोमध आमचा मुख्य नकाशा, अकराही झाडं आता रंगवलेली. उरलेली सहा सानिकानं पूर्ण केली होती. खालच्या चौकटीत पाच नावं. तिसरं माझं. पुढच्या खुर्च्यांवर भाऊसाहेब आणि पंचायतीची माणसं. नाल्यापलीकडच्या बायाही आल्या होत्या. त्या आत आल्या नाहीत. दाराबाहेर उभ्या राहिल्या. कुणी आत या म्हटलं नाही.

सर मला म्हणाले, “मुख्य नकाशा तू समजावून सांग. तुमच्या भाषेत सांग. त्यांना जवळचं वाटेल.”

मी उठले. नकाशाजवळ गेले. तोंड लोकांकडे केलं. जे बोलले ते शब्द न् शब्द आठवतं.

“हा नकाशा खोटा हाये. नाल्यापल्याड झाडं नाईत. अडतीस घरं हायेत. झाडं म्या काढली होती. म्या चूक केली.”

खिशातून काळं पेन काढलं आणि चौकटीतल्या माझ्या नावावर आडवी रेघ मारली. मग माझी शीट उलगडली आणि शेजारी टाचली. नाला जुळला.

भाऊसाहेब दाराबाहेरच्या बायांकडे बोट करून सरांना म्हणाले, “मास्तर, ही पोरगी तुमची हाये का त्याइची?”

उत्तर सरांनी द्यायचं होतं. मी दिलं.

“त्याइची हाये, भाऊसाहेब.”

सर लाल झाले होते. इतक्या हळू आवाजात बोलले की फक्त मलाच ऐकू आलं. “हे ग्रुप सबमिशन आहे. यात तू नापास होशील. कळतंय ना?”

“हो सर.”

दारात गडबड झाली. सुमनबाई उंबरा ओलांडून आत आली. चपला बाहेर काढून. भाऊसाहेबांच्या खुर्चीसमोरून पुढे जाऊन शीटसमोर उभी राहिली. तिला वाचता येत नाही. तिनं आधी विहार शोधलं, मग हातपंप, मग तिथून बोट सरकवत आणलं.

“हे मायं,” ती म्हणाली.

तिच्या मागून बाकीच्या आत आल्या. “मायं कुठी?” “हे का?” “थे नाई, थे सुमनबाईचं, तुयं त्याच्या बाजूचं.” माझ्या शीटसमोर इतकी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. पाच मिनिटंच टिकली. पंचायतीतल्या एकानं येऊन पिना उपटल्या, कागदाचा एक कोपरा फाटला. मी त्याच्या हातातून शीट ओढून घेतली आणि सुमनबाईला दिली. तिनं ती पदराखाली धरली.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. सानिकाही नाही.

निकाल लागला. त्या विषयात नापास. शेरा असा होता, ‘ड्रॉइंग उत्तम, वर्तन अयोग्य’. मग कॉलेजनं बोलावलं. यजमान संस्थेसमोर, म्हणजे पंचायतीसमोर, कॉलेजची बदनामी केल्याबद्दल माफीचं पत्र लिहून दे, म्हणाले. पत्र दिलं की पुढच्या वेळी विषय सुटेल. नाही दिलं तर बघू.

बाबांना फोन केला. मला वाटलं होतं, त्यांना अभिमान वाटेल. बाबा घाबरले.

“देऊन टाक वं लिहून. वर्ष वाया जाईन. एका कागदानं काय होते?”

“कागदानंच होते, बाबा.”

“मी तीस वर्षं मालकाच्या हाताखाली काम केलं. मालक म्हणन तठी दार काढा लागते. असंच जगते मानूस.”

“मी नाई देनार.”

बाबांनी फोन ठेवला. महिनाभर बोलले नाहीत. मायला फोन केला की मागून त्यांचा खोकला ऐकू यायचा. आता बोलतात. पण त्यांचं मत बदललेलं नाही. प्रत्येक वेळी शेवटी विचारतात, “देल्लं का लिहून?” त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याइतकं वाकावं लागू नये म्हणूनच त्यांनी मला शिकवलं. वाकायचं नाही म्हटल्यावर भीती त्यांनाच वाटते.

सानिकानं एकदा मेसेज पाठवला. ‘मी तेव्हा बोलायला हवं होतं. सॉरी.’ मी उत्तर दिलं नाही. तिचं नाव त्या झाडांच्या नकाशाखाली अजून आहे. ते खोडायला तिला माझ्या उत्तराची गरज नाही.

सुमनबाई आणि बायांनी शीट ग्रामसभेत नेली. बसायला जागा दिली नाही तर उभ्या राहिल्या. शीटची झेरॉक्स काढून त्यावर आवक शिक्का मारून घेतला. बगीचा रद्द झालेला नाही. ‘विचाराधीन’ आहे, असं उत्तर मिळतं. वस्तीत रस्ता अजून नाही. घरं अजून आहेत. जिंकलो असं मी म्हणणार नाही.

तो विषय मी पुन्हा दिला. पुन्हा नापास. आता पाचव्या वर्षात आहे, सगळे विषय सुटले, तो एक अडकलाय.

परवा पुन्हा बोलावलं. टेबलापलीकडे तिघं बसले होते, मधे तेच सर. या वेळी त्यांनी माझं काम सोपं केलं होतं. पत्र टाइप करून तयार. ‘माझ्याकडून भावनेच्या भरात गैरवर्तन झाले, सदर नकाशा वस्तुस्थितीस धरून होता हे मला मान्य आहे.’ खाली सहीपुरती जागा.

“आम्हालाही तुझं नुकसान नकोय,” सर म्हणाले. “हुशार आहेस. उद्या ऑफिसमध्ये काम करायचंय तुला. असं वागून चालत नाही.”

मी पत्र दोनदा वाचलं. पेन उघडलं. सरांनी खुर्चीला पाठ टेकली.

मजकुराखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं, ‘वरील मजकूर खोटा आहे. नाल्यापलीकडे अडतीस घरं आहेत. मी ती मोजली आहेत.’ सही केली. तारीख टाकली. आणि समोर सरकवून पोच मागितली.

विषय पुन्हा देईन. दहा वेळा बोलावलं तर दहा वेळा येईन, आणि दहा वेळा हेच लिहीन.